राजाची बग्गी, दरबारी वस्त्रं आणि आपल्या ट्रंकेतला शालू

सुप्याहून बोलतेय. पेरणीची गडबड थोडी ओसरली असेल, हातात भाजी निवडायला घेतली असेल, तर तशीच निवडत ऐका. आज कर्जाचा हप्ता, व्याज, रजिस्टर यातलं काहीच सांगणार नाही. म्हणजे शेवटी थोडं येईलच, त्याला इलाज नाही. पण आज बोलायचंय राजेरजवाड्यांच्या गाड्यांबद्दल आणि कपड्यांबद्दल.

हा विषय कुठून निघाला ते आधी सांगते. गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक काकू आल्या, काखेत पिशवी. पिशवीत त्यांच्या सासूबाईंचा शालू. वांगी रंग, पदर जरीनं भरलेला, घडीवर दोन ठिकाणी चिरलेला. गावात जुनी जर घेणारा माणूस येणार होता. काकू म्हणाल्या, "ताई, हा किती देईल गं? तुला अंदाज आहे का?" मला अंदाज नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं एक दालन माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मी म्हटलं, "काकू, आठ दिवस थांबता का?"

ते दालन ग्वाल्हेरचं. माझे दीर तिकडे नोकरीला आहेत, म्हणून जाणं झालं. तिथे शिंद्यांचा जयविलास महाल आहे. जयाजीराव शिंद्यांनी तो 1874 साली बांधून घेतला. आराखडा मायकेल फिलोज या अधिकाऱ्याचा. महालाच्या एका भागात घराणं आजही राहतं आणि दुसऱ्या भागात 1964 पासून जिवाजीराव शिंदे यांच्या नावानं संग्रहालय आहे. दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, एकेकाचं वजन साडेतीन टनांच्या आसपास. झुंबरं टांगण्याआधी छत टिकेल की नाही हे पाहायला छतावर हत्ती चढवले होते असं तिथे सांगतात. जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी आहे, ती रुळावरून फिरत पाहुण्यांपर्यंत पेय आणि चिरूट पोचवायची. आमची मुलं तिथून हलेचनात.

मी मात्र रमले बग्ग्या आणि पालख्यांच्या दालनात.

तुम्ही म्हणाल, ग्वाल्हेरचं आपल्याला काय? तर ऐका. शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. आणि आपल्या पारनेर तालुक्यात जामगावला ज्यांचा वाडा आहे, ते महादजी शिंदे याच घराण्यातले. एस.टी.नं जाताना आपण तो वाडा कितीदा बाहेरून बघतो. ग्वाल्हेरचा महाल आणि जामगावचा वाडा एकाच घरातले आहेत. श्रीगोंद्यालाही शिंद्यांचा वाडा आहे. म्हणजे हे संग्रहालय परक्याचं नाही.

आता गाड्यांकडे येऊ. आपण बग्गी बघितली की आधी सोनेरी नक्षी बघतो. मी तुम्हाला सांगेन, पुढच्या वेळी आधी चाक बघा. चाकाला मधे तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे आणि वरून लोखंडी धाव. आपल्या जुन्या बैलगाडीचं चाक आठवा, अगदी तेच. लोहार धाव लालबुंद तापवायचा, तापली की ती फैलावते, मग लाकडी चाकावर बसवून वरून पाणी ओतायचं. गार होताना धाव आवळते आणि सगळं चाक घट्ट धरून ठेवते. राजाच्या बग्गीचं चाकही असंच बनायचं. फरक होता तो खालच्या कमानींचा. पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून केलेल्या त्या कमानी खड्ड्यातला दणका स्वतः घेतात, आत बसलेल्याला लागू देत नाहीत. आपल्या टेम्पोला जे पाटे असतात त्यांचीच ही आजी.

आणि ही गाडी एका माणसाच्या हातची नसते. सुतार, लोहार, चामडं शिवणारा चर्मकार, गाद्या भरणारा, रंगारी, पितळी दिव्यांचा तांबट. काचेसमोर राजाचं नाव लिहिलेलं असतं, या सगळ्यांचं बहुधा नसतं. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात एकेकाचं नाव घेतलं, म्हणजे त्यांच्या कामाचं.

पालखीची गोष्ट वेगळी. आज लग्नाच्या हॉलवर कोणीही पैसे भरून नवरीसाठी पालखी मागवतं. त्या काळी पैसे असून भागत नसे. पालखीत बसायचा अधिकार दरबारातून मिळावा लागे, त्याला पालखीचा मान म्हणत. डोक्यावर छत्र धरायचं, बाजूला अबदागिरी चालवायची, मोरचेल ढाळायचे, हत्तीवर अंबारी ठेवायची, प्रत्येकाचा मान वेगळा. रस्त्यावरून कोण चाललंय हे नाव न विचारता कळावं, म्हणून ही सगळी व्यवस्था. बायकांसाठी मेणा असे, चहूबाजूंनी झाकलेला. म्हणजे वाहन कितीही सुंदर असो, आतल्या बाईनं बाहेर बघायचं ते पडद्याच्या फटीतून. मेण्यावरचं नक्षीकाम बघताना हेही आठवावं.

वस्त्रांचंही तसंच होतं. बादशहा कुणावर खूश झाला की पैशांच्या आधी वस्त्रं द्यायचा. डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख, म्हणून त्याला शिरपाव म्हणायचे. शिर आणि पाव. आपण अजूनही म्हणतो ना, अमक्याला मानाचा शिरपाव मिळाला, तो शब्द इथून आला.

यातला एक मोठा प्रसंग पुण्यात घडला, आणि तो घडवला जामगावच्या वाड्यावाल्या महादजींनीच. 1792 च्या जून महिन्यात ते दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ए-मुत्लक हा किताब, मानाची वस्त्रं आणि नालकी घेऊन पुण्याला आले. नालकी म्हणजे पालखीहूनही वरच्या मानाचं वाहन. गादीवर सवाई माधवराव, अठरा वर्षांचे. नाना फडणविसांना हा सगळा थाट फारसा पसंत नव्हता. समारंभ झाला, पेशव्यांनी ती वस्त्रं अंगावर घातली आणि नालकीत बसून शहरात परत आले. याच भेटीतली एक हकीकत ग्रँट डफ या स्कॉटिश माणसानं आपल्या इतिहासात लिहून ठेवली आहे. उत्तर हिंदुस्थानात ज्याच्या शब्दावर दिल्लीचा दरबार हलायचा, तो माणूस पेशव्यांच्या दरबारात सगळ्यांच्या खाली जाऊन बसला आणि कापडात गुंडाळून आणलेले नवे जोडे त्यानं पेशव्यांपुढे ठेवले. आमच्या वडिलांचं काम हेच होतं, असं म्हणाला. कोणी याला नम्रता म्हणतं, कोणी राजकारण. काहीही असो, पण एक कळतं. त्या काळी कपडा, जोडा, आसन, वाहन ही बोलायची भाषा होती. तोंडानं न बोलता माणसं केवढं तरी बोलून जायची.

आणि आपण तरी वेगळं काय करतो? सोयऱ्याला फेटा बांधला की नाही, विहिणीला साडी कुठली नेसवली, सत्काराला शाल आणि नारळ कोणाच्या हातून दिला, यावरून आपल्याकडे वर्षवर्ष अबोला असतो. दरबार गेले, पण मानपान आपल्या मांडवात राहायला आले. फक्त एक लक्षात ठेवा. राजा शिरपाव खजिन्यातून द्यायचा. आपण आहेराच्या साड्या उधारीवर आणतो, आणि मग गटाच्या कर्जाच्या अर्जावर कारण लिहितो, घरखर्च. मी काही बोलत नाही, पण मला कळतं बरं का.

पालखीचा मान मात्र एका ठिकाणी फार सुंदर गेला. ज्ञानोबा माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरला शिंद्यांच्याच पदरी सरदार होते. सगळं सोडून ते आळंदीला आले आणि साधारण 1832 च्या सुमाराला त्यांनी हा सोहळा सुरू केला. त्यात घोडे, चोपदार, अबदागिरी, सगळी राजाची व्यवस्था. घोडे दिले अंकलीच्या शितोळे सरदारांनी, आजही ते तिथूनच येतात. पण आत बसवले कोणाला? तर माउलींच्या पादुकांना. जो थाट दरबारात एका माणसाला मोठं करायला होता, तो इथे सगळ्यांच्या माउलीला मिळाला, आणि मागे चालताना कोणी कोणाला मान विचारत नाही.

अशीच दुसरी गाडी कोल्हापूरची. तिथे नवीन राजवाडा आहे, 1884 साली पुरा झालेला, काळ्या दगडातला. खालच्या मजल्यावर छत्रपती घराण्याचे पोशाख, शस्त्रं, हत्तीवरचा चांदीचा साज असं संग्रहालय आहे. पण कोल्हापूरची माणसं राजर्षी शाहू महाराजांची आठवण काढताना सोनेरी रथाची काढत नाहीत, खडखड्याची काढतात. खडखडा म्हणजे घोड्यांना गाडीची सवय लावायची साधी, दणकट, उघडी गाडी. नावाप्रमाणे वाजायची. महाराज ती स्वतः हाकत फिरायचे. त्यांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवू लागले आणि गंगारामांच्या हातचा चहा सगळ्यांदेखत पिऊ लागले. बरोबरच्या मोठ्या माणसांनाही पाजू लागले. राजाची गाडी कुठे थांबते याला केवढा अर्थ असतो, ते या एका गोष्टीत कळतं.

मोटारी आल्या आणि जगभर या गाड्या अडगळीत गेल्या. पोर्तुगाल देशात लिस्बन शहर आहे. तिथल्या राणीनं, अमेलिया तिचं नाव, 1905 साली राजवाड्याजवळच्या घोड्यांच्या शाळेत जुन्या शाही गाड्या गोळा करून संग्रहालय सुरू केलं. ते आज जगातल्या मोठ्या बग्गी संग्रहालयांपैकी एक आहे. पाच वर्षांत तिथलं राज्य गेलं, राणीला देश सोडावा लागला, गाड्या मात्र राहिल्या. वेळेत कोणी तरी "हे टाकू नका" म्हणावं लागतं, एवढंच.

आता शालूकडे येते. संग्रहालयात राजांचे अंगरखे, पगड्या, शेले दिसतात. सामान्य घरातल्या बायकांचे शालू त्या मानानं फार कमी. का? आपण बायकांनी सांभाळले नाहीत म्हणून? तसं नाही. अंगरखा शिवलेला, एका माणसाच्या मापाचा, तो बाजूला ठेवला जातो. नऊवारी लुगडं म्हणजे नुसतं सरळ कापड. ते विरलं की त्याचं परकर-पोलकं होतं, मग बाळाचं झबलं, मग गोधडीचा थर. आपलं कापड पुरं वापरून संपतं. आणि जरीच्या पदराला दुसरा धोका. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक पट्टी, वरून सोन्याचा मुलामा. जर घेणारा माणूस कापड विकत घेत नाही, चांदी घेतो. कापड जाळतो, राखेतून धातू काढतो. विणकराची महिनोन् महिन्यांची मेहनत दहा मिनिटांत धूर होते.

आमच्याही घरी हे झालं. 1972 च्या दुष्काळात माझ्या आजीनं लग्नातला शालू विकला. खडी फोडायला जायची, सुकडी खायची, तरी पोरांना पुरेना. आई सांगते, शालू गेला त्या दिवशी आजी रडली नाही, बाजरी आणली आणि भाकरी केल्या. मी आजीला दोष देत नाही. त्या शालवाच्या भाकरी खाऊनच माझे वडील जगले. पण ग्वाल्हेरला काचेपुढे उभी असताना मला तेच आठवत होतं. या काचेत त्यांची वस्त्रं आहेत, कारण त्यांच्यावर ती विकायची वेळ आली नाही. आपली नाहीत, कारण आपल्यावर आली.

म्हणून काकूंना मी "विकू नका" असं म्हटलं नाही. आधी विचारलं, पैसे कशाला हवेत? नातवाच्या कॉलेजची फी भरायची होती, मुदत चार दिवसांवर. मैत्रिणींनो, गटातलं अंतर्गत कर्ज असतं ते याचसाठी. त्याच बैठकीत सगळ्यांनी हात वर केले, काकूंना रक्कम मिळाली, सहा हप्ते ठरले. शालू पिशवीतून परत घरी गेला. जरवाला आला तेव्हा काकूंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

तुमच्याकडेही ट्रंकेत असं काही असेल. संग्रहालयवाले कापड कसं सांभाळतात, त्यातलं आपल्याला जमेल तेवढं सांगते. प्लॅस्टिकची पिशवी काढून टाका, आत दमट होतं आणि डाग पडतात. मांजरपाट दोनदा धुऊन त्याची खळ काढा आणि त्यात साडी गुंडाळा. लोखंडी ट्रंकेला आतून सुती कापड लावा, गंज लागणार नाही. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. दर तीन महिन्यांनी घडी मोडा आणि नव्या जागी घाला, कारण रेशीम नेहमी जुन्या घडीवरच चिरतं. घडीच्या आत सुती कापडाची सुरळी ठेवली तर आणखी चांगलं. पावसाळा संपला की सावलीत हवा दाखवा, कडक उन्हात टाकू नका. साबणानं घरी धुऊ नका, अत्तर मारू नका, खुंटीला टांगू नका.

आणि विकायचीच वेळ आली तर? तर दारावरच्या पहिल्या माणसाला देऊ नका. आधी ओळखीच्या सोनाराकडे जर तपासून घ्या. चांदीची आहे, की तांब्यावर चांदीचं पाणी दिलेली, की नुसती प्लॅस्टिकची, हे तो सांगेल. वजन आपल्यासमोर करायला लावा. दोन ठिकाणी भाव विचारा. कापड धड असेल तर जुन्या साड्या कापड म्हणून घेणारेही असतात, तिथे जाळणाऱ्यापेक्षा जास्त मिळू शकतं.

एक शेवटची गोष्ट, आपल्या जिल्ह्याच्या लेकीची. अहिल्यादेवी होळकर, जन्म चौंडीचा, आपल्या जामखेड तालुक्यातला, 1725 सालचा. राणी झाल्या तरी स्वतः पांढऱ्या साध्या वस्त्रात राहिल्या. पण दरबारात येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला पागोटी आणि साड्या लागायच्या, म्हणून त्यांनी बाहेरून विणकर आणून महेश्वरला वसवले. राज्य संपलं, दरबार संपला, तरी महेश्वरी साडी राहिली. मधे ती कला बसत चालली होती. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा नावाची संस्था काढून तिथल्या बायकांना मागावर बसवलं. आज महेश्वरला कितीतरी बायका विणून घर चालवतात. बग्गी संग्रहालयात उभी राहिली. साडी मात्र अजून कामावर जाते. मला वाटतं, दरबारातून आपल्याला मिळालेला खरा शिरपाव हाच, हातातलं कसब.

आमच्या गटानं आता ठरवलंय. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणायची. शालू, खण, दौत, अडकित्ता, काहीही. आणि एका चिठ्ठीवर लिहायचं, ही कोणाची, कधीची, कोणी दिली, कोणी बनवली. चिठ्ठी वस्तूबरोबर ठेवून द्यायची. संग्रहालयात तरी दुसरं काय असतं? वस्तू आणि तिची चिठ्ठी. आपल्या सासवा, आज्या आहेत तोवर विचारून घ्या. नंतर वस्तू राहते, पण सांगणारं कोणी नसतं.

सहल काढायची असेल तर ग्वाल्हेर लांब आहे, पुणे जवळ. शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. सुमारे वीस हजार. त्यात राजांच्या तलवारींइतक्याच मानानं आपले दिवे, वज्री, फण्या, अडकित्ते, पोळपाट, कशिद्याच्या चोळ्या मांडल्या आहेत. पाहून आलात की घरातल्या फडताळाकडे वेगळ्या नजरेनं बघाल.

काकूंनी कालच निरोप पाठवला. पहिला हप्ता भरला, आणि मांजरपाट कुठल्या दुकानात चांगला मिळतो ते विचारलंय. शालवाची चिठ्ठी त्यांनी नातवाकडून लिहून घेतली. त्यात सासूबाईंचं नाव आहे, लग्नाचं वर्ष आहे, आणि खाली त्यानं स्वतःच्या मनानं एक ओळ लिहिली आहे, माझी फी भरायला हा निघाला होता, पण थांबला.

चला, भाजी निवडून झाली असेल. पुढच्या वेळी रजिस्टरच घेऊन बसू. नमस्कार.